मानवजातीच्या भविष्यावरचा ऐच्छिक पेपर घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की हा पेपर घेण्यात काही अर्थ आहे की नुसत्या गप्पाच. मी एमएला असताना घेतला होता, तोही गोव्यातल्या आमच्या डिचोलीची बस गाठता येईल अशी त्याची वेळ होती म्हणून. नोकरीसाठी घेत असाल तर सोडा.

सुरुवातीला अणुयुद्ध, महासाथी, हवामान, कृत्रिम बुद्धिमत्ता असं सगळं भराभर होतं. १९८३ साली सोव्हिएत उपग्रह यंत्रणेने अमेरिकी क्षेपणास्त्रं येताहेत असा इशारा दिला आणि ड्युटीवरच्या पेत्रोव नावाच्या अधिकाऱ्याने तो खोटा ठरवला, ही गोष्ट सगळ्यांना आवडली. ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन यंत्रणेला क्षेपणास्त्र वाटलं होतं! पण खरं सांगायचं तर तोवर मला हे सगळं दुसऱ्यांच्या घरचं वाटत होतं.

मग असाइनमेंट आली: अजून जन्मलेच नाहीत अशा माणसांसाठी आपल्या भागात कोणी काय राखून ठेवलंय? मी खाणींचा निधी घेतला. गोव्यातल्या खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लोहखनिजाच्या विक्रीतले १० टक्के एका कायमस्वरूपी निधीत टाका, पुढच्या पिढ्यांसाठी. कारण सरळ आहे. आंबा पुन्हा धरतो, खनिज एकदाच निघतं. ते विकणं म्हणजे जमीन विकून जेवणं.

हे मी मोठ्या उत्साहाने घरी वाचून दाखवलं. आमचा ट्रक खाणीवरच चालायचा, २०१२ पासून तो अंगणात उभा होता, शेवटी पडेल भावात गेला. बाबा ऐकून म्हणाले, "फुडली पिळगी म्हळ्यार कोण गो? तूंच न्ही? मागीर तुजी फी कोणें भरली?" म्हणजे, पुढची पिढी म्हणजे कोण गं? तूच ना? मग तुझी फी कोणी भरली?

फी आईने भरली होती, शिवणकाम करून.

तो प्रश्न मी असाइनमेंटमध्ये जसाच्या तसा लिहिला. सरांनी शेजारी पेन्सिलीने लिहिलं: "मग उत्तर?" पुढचे दोन तास वर्गात त्यावरच भांडण झालं. खाणपट्ट्यातली मुलं एका बाजूला, खाणी नसलेल्या तिसवाडी-सालसेत तालुक्यांतली दुसऱ्या बाजूला. उत्तर मला अजूनही धड देता येत नाही, पण त्या दोन तासांसाठी मी हा पेपर पुन्हा घेईन.

हजेरी मात्र कडक असते, आणि न्यायालयाचं ते खाणींचं निकालपत्र इंग्रजीत आहे, लांबलचक. आठवडाभर आधी वाचायला घ्या.