हिवाळ्यातलं उन्हाळं

प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत कुसात्सू, गिन्झान आणि किनोसाकी ही जपानी गावं पाहून आल्यावर प्रवासवर्णन लिहायला घेतलंय. त्यात ‘ओन्सेन’ला ‘गरम पाण्याचे झरे’ आणि ‘ऱ्योकान’ला ‘धर्मशाळा’ म्हटलं तर चालेल का? नसेल चालत, तर मूळ शब्द देवनागरीत कसे लिहायचे आणि त्यांचं लिंग कोणतं धरायचं? सोबत नमुन्याचं एक वाक्यही आहे: ‘गिन्झानच्या धर्मशाळेत उतरून बर्फात गरम पाण्याच्या झऱ्यात अभ्यंगस्नान केलं.’

माझं मत आधीच सांगतो. ‘ओन्सेन’ आणि ‘ऱ्योकान’ हे दोन शब्द जसेच्या तसे ठेवा आणि त्यांच्या भोवतीचं बाकी सगळं मराठीत आणा. प्रवासवर्णनांत बहुतेक वेळा नेमकं उलटं होतं. नामांसाठी ओढूनताणून मराठी शब्द शोधतात आणि पुढच्याच ओळीत ‘सोक’, ‘रिलॅक्स’, ‘ट्रॅडिशनल फील’ सुरू.

‘गरम पाण्याचे झरे’ का नको? ओन्सेनमधल्या ‘ओन’चा अर्थ ऊबदार आणि ‘सेन’चा अर्थ झरा, तेव्हा शब्दशः पाहिलं तर भाषांतर बरोबरच आहे. पण जपानमध्ये ओन्सेन म्हणजे काय हे कायद्यानं ठरलेलं आहे. १९४८च्या ओन्सेन कायद्याप्रमाणे उगमापाशी पाणी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असलं की ते ओन्सेन; किंवा मग यादीत दिलेल्या १९ घटकांपैकी निदान एक तरी ठरलेल्या प्रमाणात त्यात असला पाहिजे. या ‘किंवा’मुळे जमिनीतून गारच वर येणारं पण खनिजयुक्त पाणीही ओन्सेन ठरतं, ते तापवून घेतात एवढंच. आणि २५ अंश म्हणजे पुण्यातल्या मे महिन्यातलं नळाचं पाणीसुद्धा पास होईल. उलट शहरातलं ‘सेंतो’, म्हणजे पैसे भरून जायचं सार्वजनिक न्हाणीघर, तिथलं पाणी कितीही कढत असलं तरी ते साधं तापवलेलं असेल तर ते ओन्सेन नव्हे. शिवाय जपानी माणूस ‘ओन्सेन’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात झरा असेल, त्यावर बांधलेलं स्नानगृह असेल किंवा ते अख्खं गावही असेल. ‘कुसात्सू ओन्सेन’ हे गावाचं नाव आहे. ‘झरा’ या शब्दाला एवढं ओझं पेलवत नाही.

आता खरी गंमत. मराठीत यासाठी एक अस्सल शब्द आहे: उन्हाळे. नपुंसकलिंगी, बोलताना उन्हाळं. संस्कृत ‘उष्ण’, त्याचं प्राकृतात ‘उण्ह’, त्यावरून आपलं ऊन; ‘ऊन पाणी’मधलं विशेषणही तेच. राजापूरजवळचं उन्हाळे, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे, ही सगळी गावं ऊन पाण्याच्या कुंडांची आणि नावं त्यावरूनच पडलेली. तेव्हा ओन्सेन गावाला ‘उन्हाळे’ म्हणणं यात काहीच कृत्रिम नाही. आपल्या लोकांनीही पाण्याचं नाव गावाला दिलं, जपान्यांनीही दिलं.

अडचण सामान्यरूपात येते. उन्हाळा आणि उन्हाळे, दोन्हींचं सामान्यरूप ‘उन्हाळ्या-’. ‘आम्ही हिवाळ्यात उन्हाळ्यात बुडून बसलो’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि वाचणारा मात्र तिथेच अडखळणार. मला स्वतःला तसं वाक्य लिहायला आवडेल, पण अख्ख्या लेखभर ते पेलणार नाही. एकदा ओळख करून देताना ‘ओन्सेन म्हणजे आपल्याकडचं उन्हाळं’ असं लिहा, वाचकाला शब्दाची आठवण करून द्या आणि पुढे ओन्सेनवरच राहा.

झरा आणि कुंड यांत मात्र गल्लत नको. पाणी उगवतं तो झरा, आपण बसतो ते कुंड. तुम्ही ‘झऱ्यात’ स्नान केलेलं नाही. बर्फ पडत असताना ज्यात बसलात ते ‘रोतेनबुरो’, म्हणजे उघड्यावरचं कुंड. त्यातून दिसणारा बर्फ बघत बसायचं म्हणून ‘युकिमीबुरो’ असाही एक शब्द तिकडे आहे. हिमदर्शनी कुंड म्हणा हवं तर, पण मी ‘बर्फ बघत कुंडात बसलो’ एवढंच लिहीन.

आणि अभ्यंगस्नान तर मुळीच नको. अभ्यंग म्हणजे अंगाला तेल चोळणं. ओन्सेनात तेल लावून उतरलात तर गावचे लोक काय म्हणतील ते सोडाच, साबणाचा फेससुद्धा कुंडात जाऊ द्यायचा नसतो. बाहेर छोट्या स्टुलावर बसून आधी अंग स्वच्छ धुवायचं, मग पाण्यात उतरायचं, आणि छोटा पंचाही पाण्यात बुडवायचा नाही. लोक तो घडी करून डोक्यावर ठेवतात. म्हणजे आंघोळ अगोदरच उरकलेली असते. कुंडात होतं त्याला जपानीत ‘त्सुकारू’ म्हणतात: बुडून राहणं. हेच क्रियापद लोणच्यालाही लागतं. तिकडची लोणची ती ‘त्सुकेमोनो’. मराठीत याला तंतोतंत जोड आहे ती ‘मुरणे’ची. डुंबणं म्हणजे पोहणाऱ्या पोरांचं, शेकणं कोरड्या उष्णतेचं. ऊन पाण्यात निवांत मुरत पडलो, असं लिहून बघा. फक्त ‘पाणी मुरणे’ टाळा, नाहीतर वाचकाला कुठेतरी भानगडीचा वास येईल.

पाण्याच्या तापमानाबद्दल जपानी आणि मराठी दोन्ही भाषा चोखंदळ आहेत. जपानीत गार पाणी ‘मिझू’ आणि ऊन पाणी ‘यू’, शब्दच वेगळे. स्नानगृहाच्या दारावरच्या पडद्यावर बहुधा ‘यू’ एवढं एकच अक्षर असतं आणि ते पुरतं. आपल्याकडे कोमट, ऊन, कढत, आणि स्वयंपाकघरात आधण. ही उतरंड वापरा की! ‘खूप गरम पाणी’ लिहिण्यापेक्षा ‘कढत’ लिहिलंत तर वाचकाच्या पायाला चटका बसेल.

कुसात्सूचं वर्णन करताना तर एक मराठी शब्द हाताशी असायलाच हवा: विसण. बंबातलं कढत पाणी बादलीत काढल्यावर त्यात जे गार पाणी घालतात ते विसण. नव्या पिढीला नळाच्या दोन तोट्यांमुळे हा शब्द विसरायला झालाय. कुसात्सूच्या पाण्याचा उगम पन्नास अंशांच्या वर आहे, पाणी चांगलंच आम्लधर्मी आहे, आणि विसण घातलं तर त्यातला औषधी गुण पातळ होणार. म्हणून तिथे विसण घालत नाहीत. बायका कुंडाच्या कडेला रांगेत उभ्या राहून माणसाएवढ्या लांब लाकडी फळ्यांनी, गाणं म्हणत, तालावर पाणी घुसळतात आणि घुसळून घुसळून सोसवेल इतपत निववतात. याला ‘युमोमी’ म्हणतात, आता तो पर्यटकांना दाखवायचा कार्यक्रमही झालाय. गावाच्या मधोमध ‘युबाताके’ आहे, शब्दशः ऊन पाण्याचं शेत. तिथे पाणी लाकडी पन्हळींतून वाहत जाऊन आपोआप निवतं आणि पन्हळींत साचणारा पिवळट गाळ गोळा करून ‘यु नो हाना’, ऊन पाण्याची फुलं, या नावानं विकतात. हे सगळं ‘पाण्याचं तापमान नैसर्गिक पद्धतीनं नियंत्रित केलं जातं’ असं लिहिलेलं मी वाचलंय. ‘विसण न घालता निववतात’ यात सगळं येतं.

हिवाळ्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट तुमच्या लेखात शोभेल. ओन्सेन गावी मुक्काम करून पाण्यानं प्रकृती सुधारून घेणं याला ‘तोओजी’ म्हणतात. शेतीची कामं नसलेल्या दिवसांत शेतकरी शिधा घेऊन त्यासाठी जात आणि दिवसेंदिवस राहत. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसालाही ‘तोओजी’च म्हणतात, लिपीतली चिन्हं वेगळी, उच्चार एक. त्या दिवशी ऊन पाण्यात युझू नावाची लिंबाच्या जातीची फळं तरंगत सोडून न्हायची रीत आहे आणि तिचा उगम या शब्दखेळात आहे असं जपानी लोक हौसेनं सांगतात. खरं-खोटं व्युत्पत्तिकारांवर सोपवू, पण कोटी चांगली आहे.

आता ऱ्योकान. ‘धर्मशाळा’ म्हटलं की मराठी वाचकाला पंढरपूर किंवा नाशिक दिसतं: कुणा दात्याच्या नावाची पाटी, फरशीवर सतरंजी, आणि भाडं नाममात्र. गिन्झानच्या ऱ्योकानात एका रात्रीचे तुम्ही किती येन मोजलेत ते तुम्हालाच ठाऊक. धर्माचा त्यात भाग नाही. दुसरे शब्द शोधायला जावं तर प्रत्येकावर आधीच कुणीतरी मुक्काम ठोकलेला आहे. विश्रामगृह सरकारी साहेबांचं, वसतिगृह विद्यार्थ्यांचं, यात्रीनिवास देवस्थानाचं, पर्यटक निवास महामंडळाचं, सराई घोडे-उंटांची, आणि ‘हॉटेल’ म्हटलं की अर्ध्या महाराष्ट्राला चहा आणि मिसळ आठवते. जपानी शब्दाचा अर्थ ‘प्रवाशांची वास्तू’ एवढाच आहे, पण आज तो विशिष्ट रीतीच्या जागेलाच लागतो: तातामीची (विणलेल्या गवती चटयांची) जमीन, रात्रीचं आणि सकाळचं जेवण भाड्यातच, अंगात घालायला युकाता, आणि बहुतेक ठिकाणी स्वतःचं कुंड. धर्मशाळा किंवा भक्तनिवास हे शब्द ‘शुकुबो’साठी राखून ठेवा, कोयासान डोंगरावर देवळांमधून राहायची सोय असते ती. आणि कोकणातल्या ‘घरगुती राहण्याजेवणाची सोय’ या पाटीला जपानी शब्द हवा असेल तर तो ‘मिन्शुकू’.

खोलीतल्या गोष्टी मात्र मराठीत फारच सहज येतात. जेवण झालं की बायका येऊन फुतोन घालतात, म्हणजेच अंथरुणं घालतात. फुतोनचे दोन भाग असतात: खाली पसरायचा तो शिकिबुतोन, वर घ्यायचा तो काकेबुतोन. अंथरूण-पांघरूण! ‘बेड’ आणि ‘ब्लँकेट’नं ही जोडी मोडू नका. दारात वाकून स्वागत करणारी ‘ओकामी’ ही मॅनेजर नव्हे, यजमानीणबाई. (तिच्या नावाच्या दोन चिन्हांचा अर्थ ‘स्त्री’ आणि ‘सेनापती’ असा होतो. ऱ्योकान चालवताना पाहिलंत तर पटेल.) युकाताला झगा म्हणा, अंगरखा म्हणा, की युकाताच म्हणा, हरकत नाही, डावी बाजू वर येते एवढं लिहा, कारण उजवी वर घेतात ती प्रेताला. किनोसाकीत पाहुणे तोच घालून, पायांत लाकडी गेता, नदीकाठच्या विलोच्या रांगेतून एका स्नानगृहातून दुसऱ्यात खटखटत जातात. गावातली अशी सात सार्वजनिक स्नानगृहं प्रसिद्ध आहेत.

लेखनाचं बघू. ‘र्योकान’ असा रफार देऊ नका, ‘ऱ्योकान’ लिहा. दर्या आणि दऱ्या यांतला फरक आपल्या लिपीत दाखवता येतो, आणि इथे हवा आहे तो दऱ्यांमधला ऱ्य. ‘कान’मधला ‘आ’ जपानीत आखूड आहे, पण ‘कन’ लिहिलं तर उच्चार आणखी लांब जातो, ‘कान’च बरा. ‘ओंसेन’ असा अनुस्वार खरं तर उच्चाराला जवळचा आहे: संसार म्हणताना स-च्या आधी आपण जो नाकातला आवाज काढतो, तसाच जपानी लोक इथे काढतात. तरी शब्द नवखा आहे, म्हणून डोळ्यांना सोपा ‘ओन्सेन’ मी पसंत करतो. गावांच्या नावांतला शेवटचा इकार-उकार जपानीत ऱ्हस्व असला तरी मराठीच्या नियमानं दीर्घ: किनोसाकी, कुसात्सू. त्यातला ‘त्सू’ आपल्या ‘चूल’मधल्या ‘चू’च्या अगदी जवळचा आहे, पण ‘कुसाचू’ लिहिलं तर निम्मे वाचक ‘चूक’ऐवजी ‘चिंच’मधला च म्हणतील, म्हणून त्सू. गिन्झानमध्ये ‘झाड’मधला झ.

लिंग दोन्हींचं नपुंसक. परका शब्द आला की आपण जवळच्या ओळखीच्या शब्दाचं लिंग त्याला देतो. इथे कुंड आणि हॉटेल, दोन्ही नपुंसक. ते ओन्सेन, ती ओन्सेनं. ते ऱ्योकान, ती ऱ्योकानं. ‘ओन्सेनमध्ये’पेक्षा ‘ओन्सेनात’ मला जास्त मराठी वाटतं, पण शब्द गावाच्या नावाचा भाग असेल तिथे ‘कुसात्सू ओन्सेनला गेलो’ असंच लिहा, ‘ओन्सेनाला’ नको.