बंद हॉलमधल्या डॉग ट्रेनिंग क्लासला मास्क लावायचा का? कुत्रा बिथरेल का?

इंग्लंडपुरतं सांगायचं तर कोविडच्या मास्कची कायद्याची सक्ती जानेवारी २०२२ मध्येच उठली. पण ट्रेनर किंवा हॉलवाले स्वतःचा नियम ठेवू शकतात. तसा नियम नसला तरी घरी कुणाची केमो चालू असेल तर मी खुशाल लावेन. लोक काय म्हणतील ते म्हणोत.

बिथरण्याचं म्हणाल, तर तुमच्या वासावरून आणि चालण्यावरून तो तुम्हाला ओळखतोच. बुजरी कुत्री दचकतात ती मास्क लावलेला अनोळखी माणूस अंगावर वाकला की. म्हणून घरीच सवय लावा. मास्क हातात दाखवा, लगेच चिकनचा बारीक तुकडा. मग क्षणभर स्वतःच्या नाकाशी धरा, पुन्हा तुकडा. क्रम चुकवू नका: आधी मास्क, मग खाऊ. उलटं केलंत तर चिकन दिसलं की आता तुम्ही तोंड झाकणार, एवढंच तो शिकेल.

क्लासमध्ये मास्कमुळे आवाज दबतो, त्यात हॉल घुमतो. ओरडू नका, हातवारे वापरा. बहुतेक कुत्र्यांना शब्दापेक्षा हाताची खूण लवकर कळते. शाबासकीला क्लिकर (दाबला की टिक् वाजणारं छोटं खेळणं) बरा, शिट्टी अर्थातच बाद.

आणि वापरलेला मास्क खाऊच्या खिशात कोंबू नका. चिकनचा वास लागला की लॅब्रॅडॉर तो नाकावरच्या तारेसकट गिळतो. गिळलाच तर वाट न बघता व्हेटला फोन करा. आतडं तुंबू शकतं.