जुलाब-उलट्या थांबल्यावर अडीच वर्षांच्या मुलाला खायला काय द्यावं?

दोन दिवस झाले, जुलाब-उलट्या थांबल्या, पण अजून साबुदाण्याची पेज आणि डाळिंबाचा रसच चालू आहे, असं तुम्ही लिहिलंय. आता हे दोन्ही मागे ठेवा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात प्रथिनं नावालाच. रसातली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, त्यामुळे शी पुन्हा पातळ होऊ शकते. 'पोटाला आराम' म्हणून मुलाला पातळावर ठेवलं की अशक्तपणाच लांबतो. आतड्याचं अस्तर भरून यायलाही अन्नच लागतं.

मुख्य जेवण मुगाच्या खिचडीचं ठेवा. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी सालं काढलेली मूगडाळ धुऊन अर्धा तास भिजवा. पाच वाट्या पाणी, चिमूटभर हळद, जिरं, मीठ आणि गाजराचे किंवा दुधीचे चार तुकडे घालून मंद आचेवर पाच-सहा शिट्ट्या करा, मग रवीने घोटा. चमच्यावरून घरंगळली पाहिजे, पण पाण्यासारखी ओघळू नये. थंड झाली की ती आळते. तेव्हा गरम पाणी घाला, गार नको. ताटलीत वाढल्यावर वरून एक चहाचा चमचा तूप घाला. तुपाला घाबरू नका, मुलाचं पोट लहान आहे, तेव्हा थोडक्या घासात जास्त ताकद जायला हवी. सकाळची खिचडी ओट्यावर ठेवून संध्याकाळी देऊ नका. शिजलेल्या भातात जंतू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा उकळूनही जात नाही.

मधल्या वेळेला पिकलेलं केळं कुस्करून, ताज्या दह्याचा मऊ भात किंवा नाचणीची आंबील. आंबिलीसाठी दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. मग कपभर पाण्यात सात-आठ मिनिटं शिजवा. ताक मात्र कोमट झाल्यावरच घाला, गरमात फाटतं. अंडं खात असाल तर पूर्ण उकडलेलं चालेल. अंगावरचं दूध असेल तर मुळीच तोडू नका. वरच्या दुधाने शी पातळ होत असेल तर आठवडाभर त्याऐवजी दही द्या.

दिवसातून सहा वेळा, चार-पाच घास पुरे. तोंड फिरवलं की थांबा. मागे लागून भरवलेलं बहुतेक वेळा बाहेरच येतं. पुढचे दोन आठवडे रोजच्यापेक्षा एक जेवण जादा द्या, उतरलेलं वजन त्यानेच भरून येतं. डॉक्टरांनी झिंक दिलं असेल तर शी घट्ट झाली म्हणून सोडू नका, ते १० ते १४ दिवसांचं असतं.

पुन्हा जुलाब झाला तर ओआरएस द्या: एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच, प्रत्येक जुलाबानंतर १०० ते २०० मिली, चमच्याचमच्याने. अर्धं पाकीट अंदाजाने कालवू नका. ग्लुकोजची पावडर म्हणजे ओआरएस नव्हे, तिच्यात पुरेसं मीठ नसतं. शीमध्ये रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, मूल सुस्त पडलंय किंवा पाणीही पोटात ठरत नाही, यातलं एकही दिसलं तर स्वयंपाकघर सोडा आणि थेट दवाखाना गाठा.