पोटावर चरबी असताना पायांतले त्राण का जाते?

प्रश्न : माझे वय ४६ असून मी साताऱ्याला राहतो आणि यवतेश्वरच्या घाटात नियमित पळतो. मध्यंतरी पहाटे नुसत्या चहावर २५ किलोमीटर पळायला गेलो, तेव्हा शेवटच्या टप्प्यात पायांतले त्राण एकदम गेले. अंगावर चरबी भरपूर असताना शरीराला ताकद का कमी पडावी? शिवाय घाट उतरून आलो की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून येतात की जिना उतरवत नाही. हे साठलेले लॅक्टिक आम्ल असून ते मालिश करून काढावे, असे सोबतचे लोक सांगतात. ते खरे आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : शरीरात ऊर्जा किती साठली आहे आणि त्यातली किती दर मिनिटाला स्नायूंच्या हाती पडते, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पळणाऱ्याची गाठ दुसरीशी असते.

स्नायू थेट साखरेवर किंवा चरबीवर चालत नाही. त्याला फक्त एटीपी, म्हणजे पेशीतल्या कामांना थेट ऊर्जा देणारे संयुग, चालते. मायोसिन या प्रथिनाची टोके शेजारच्या ॲक्टिनच्या धाग्याला धरून ओढतात, आणि ही पकड सोडून पुढची घेण्यासाठी प्रत्येक टोकाला दर वेळी एटीपीचा एक रेणू खर्चावा लागतो. (मृत्यूनंतर देह ताठरतो तो याचमुळे : एटीपी संपलेले असते आणि पकड सुटत नाही.) जोरात धावताना स्नायूतला एटीपीचा साठा जेमतेम दोन-तीन सेकंद पुरेल एवढाच असतो, म्हणून जितके खर्च होईल तितके त्याच क्षणी पुन्हा तयार व्हावे लागते. सुरुवातीचे काही सेकंद हे काम क्रिएटिन फॉस्फेट करते. १९२७ च्या सुमारास हा पदार्थ ओळखणाऱ्यांत हार्वर्डमधले सायरस फिस्के आणि मूळचे भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आपल्याकडे सुब्बारावांचे नाव व्हायला हवे होते तेवढे झाले नाही.

त्यानंतर भार येतो ग्लुकोज आणि चरबीवर. प्राणवायूविना ग्लुकोजच्या एका रेणूतून एटीपीचे केवळ दोन रेणू निव्वळ हाती लागतात. तेच ग्लुकोज तंतुकणिकांमध्ये (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म भागांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांत) प्राणवायूच्या साहाय्याने पूर्ण जाळले गेले, तर सुमारे ३० ते ३२ मिळतात. हे ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅम साठवलेले असते, म्हणजे एकूण २,००० किलोकॅलरींच्या आसपास. साठ किलो वजनाच्या माणसाला सपाटीवर एक किलोमीटर पळायला अंदाजे ६० किलोकॅलरी लागतात आणि चढावर त्याहून जास्त, तेव्हा हिशेब तंगच आहे. त्यातही सगळा साठा पायांच्या कामाचा नाही. ग्लायकोजेनपासून मुक्त ग्लुकोज तयार करून ते रक्तात सोडण्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) यकृतात असते, स्नायूंत नसते. त्यामुळे दंडांतले ग्लायकोजेन ग्लुकोज होऊन मांड्यांपर्यंत पोहोचू शकत नाही. यकृताचा साठा मात्र आपण झोपेत असताना प्रामुख्याने मेंदूसाठी झिजत असतो, आणि नुसत्या चहावर निघाल्यामुळे तो भरून निघाला नव्हता.

आता चरबीविषयी. दहा किलो चरबीत ८० ते ९० हजार किलोकॅलरी असतात, म्हणजे साठ्याला तोटा नाही. परंतु ती आधी मेदपेशींतून सुटावी लागते, रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावर स्वार होऊन स्नायूपर्यंत यावी लागते, कार्निटिन या वाहक पदार्थाच्या मदतीने तंतुकणिकेत शिरावी लागते, आणि तेवढीच ऊर्जा देण्यासाठी तिला ग्लुकोजपेक्षा प्राणवायूही थोडा अधिक लागतो. कणगी काठोकाठ भरलेली असली, तरी पीठ जात्याच्या वेगानेच पडणार. चरबीपासून एटीपी मिळण्याचा कमाल वेग ग्लायकोजेनच्या मानाने निम्म्याच्या आसपास असतो, म्हणून ग्लायकोजेन सरले की चालता येते, पळता येत नाही. नियमित सरावाने स्नायूंतल्या तंतुकणिका वाढतात आणि त्याच वेगाला चरबीचा वाटा वाढतो, पण त्याला महिने लागतात. तोवर निघण्यापूर्वी थोडे खाणे आणि दीड-दोन तासांच्या पळण्यात दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घेणे हा सरळ उपाय आहे; मध्यम आकाराच्या एका केळ्यात ती साधारण २५ ग्रॅम असतात. मधुमेहावर औषध चालू असल्यास हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मांड्या भरून येण्याचा दोष मात्र लॅक्टिक आम्लावर उगाच आला आहे. केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी १९०७ साली बेडकाच्या शरीराबाहेर काढलेल्या स्नायूत, प्राणवायू नसताना, ते साठत जाते असे दाखवले. पण त्या स्नायूला रक्तपुरवठाच नव्हता, तर ते जाणार कुठे? जिवंत शरीरात लॅक्टेट (लॅक्टिक आम्ल शरीरात ज्या रूपात असते ते) हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून वापरतात, उरलेल्याचे यकृत पुन्हा ग्लुकोज करते, आणि पळणे थांबल्यावर तासाभरात त्याचे रक्तातले प्रमाण पूर्ववत होते. तिसऱ्या दिवशी काढून टाकायला ते तिथे नसतेच. आपला स्वतःचा अनुभवही हेच सांगतो : लॅक्टेट अधिक तयार होते ते घाट चढताना, आणि दुखणे येते ते उतरल्यानंतर. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूला शरीराचा भार तोलत असतानाच लांबावे लागते, त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, सूज येते, आणि ही वेदना २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वाधिक असते. मालिशने बरे वाटत असेल तर जरूर करावे. उतार हळूहळू वाढवत नेल्यास तोच स्नायू पुढच्या वेळी बराच कमी दुखतो. मात्र दुखण्यासोबत लघवी गडद तपकिरी होऊ लागली, तर ते फुटलेल्या स्नायूतंतूंमधले द्रव्य मूत्रपिंडात उतरत असल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी घरी न थांबता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.