पेट्रोल चढलंय, पण गाडी विकू नको

भावा, स्पोर्ट्स कार विकायची घाई करू नको. मनमाडचा इंधन डेपो लांब, म्हणून परभणीत पेट्रोल राज्यातल्या सर्वांत महागांपैकी. तरी हौशी लोक गाड्या सांभाळतातच.

पाय आवर. समृद्धीवर १२० ची मर्यादा असली तरी १०० वर धर. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर अडथळा चौपट, टाकी तिथंच रिकामी होते. टायरची हवा सकाळी, टायर थंड असतानाच बघ.

आणि पैसे वाचवायला कमी ऑक्टेनचं (म्हणजे दाबाखाली लवकर अवेळी पेटणारं) पेट्रोल अजिबात टाकू नको. टाकीच्या झाकणामागं ९५ ऑक्टेन लिहिलंय ना, मग ९५च. नाहीतर इंजिन नॉक होतं, म्हणजे पेट्रोल आत अवेळी पेटून ठोके बसतात; मग ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागं घेतो, ताकद जाते अन् अ‍ॅव्हरेजही. भाजी आणायला स्कूटर काढत जा.