स्कॉटलंडमध्ये अनोळखी लोक बाईला 'हेन' म्हणतात, तो अपमान असतो का?

ग्लासगोत असाल तर नाही. मी इथे नर्स आहे, रोज ऐकते. बसचा ड्रायव्हर म्हणतो, चिप्सच्या दुकानातली बाई म्हणते. अर्थ कोंबडी हे खरं, पण हाक मारताना कोंबडी कुणाच्या मनातही नसते.

आमच्या वॉर्डात ग्लासगोच्याच गोव्हन भागातले एक आजोबा होते, क्लाइड नदीकाठच्या जहाजाच्या कारखान्यात वेल्डिंग करून म्हातारे झालेले. एका रात्री सलाईनसाठी त्यांची शीर सापडेना, पुन्हा टोचावं लागलं. दुखत होतं, दात आवळून पडले होते. तरी माझ्याच मनगटावर थोपटून म्हणाले, "टेक यर टाइम, हेन."

हे मी नाशिकला सासरी कौतुकानं सांगितलं, तर भर पंगतीत दीर म्हणाले, "वहिनी, तिकडे तुम्हाला कोंबडी म्हणतात आणि तुम्ही खपवून घेता?" सगळे हसले. भाऊजी, त्या पंगतीत वाढत आम्ही बायकाच होतो. कुणी नावानं हाक मारली नाही, 'ए, भात आण' एवढंच. तुम्ही जेवलात का, हेही कुणी विचारलं नाही. त्या घरानं मला मान-अपमान शिकवू नये.

'बर्ड'चं वेगळं आहे. पुरुष आपापसात मैत्रिणीला 'माझी बर्ड' म्हणतात. 'हेन' तोंडावर म्हणतात, 'बर्ड' बहुतेकदा पाठीमागे. त्यात मालकीचा वास येतो, मला तो शब्द अजिबात सहन होत नाही. लग्नाआधी नवरीच्या मैत्रिणींची 'हेन नाइट' नावाची पार्टी असते ती आणखी निराळी, सगळ्या ब्रिटनभर चालते. स्कॉटलंडातच ॲबर्डीनकडे बाईला 'क्वाइन' म्हणतात, इंग्लंडात न्यूकॅसलला 'पेट'. डार्बी-नॉटिंगहॅमला 'डक' म्हणतात, तेही बाईपुरुष दोघांना.

मात्र ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेबानं फक्त बाईलाच 'हेन' म्हटलं तर ते कमी लेखणंच. इथल्या कित्येक बायकाही तेव्हा ऐकून घेत नाहीत. आणि तुम्ही पुरुष असाल, त्यातून इथे नवे, तर स्वतः वापरू नका.

नकोच असेल तर सरळ आपलं नाव सांगा. 2013 साली डॉ. केट ग्रेंजर यांनी स्वतः कॅन्सरच्या पेशंट असताना 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली. तेव्हापासून इथल्या इस्पितळांत नाव सांगूनच बोलायला सुरुवात करण्यावर भर असतो. माझं नाव नीट कसं उच्चारायचं हे थांबून विचारणारे पेशंट बहुतेक करून 'हेन' म्हणणारेच असतात, भाऊजी.