थीम पार्कमध्ये नवा रोलर कोस्टर उभारताना उंची हवी तेवढी ठेवता येते का?

नाही. पैसे आणि जागा असूनही शेजारच्या गावाचं ऐकावं लागतं. इंग्लंडमधलं आल्टन टॉवर्स घ्या. तिथे झाडांच्या शेंड्यांवर काहीही दिसू द्यायचं नाही, असा दंडक आहे. म्हणून १९९४ साली नेमेसिस हा कोस्टर उभारताना त्याचे रचनाकार जॉन वॉर्डली आणि मंडळींनी वर जाण्याऐवजी खडक फोडून खाली खड्डा केला. जमिनीपासून उंची जेमतेम १३ मीटर, पण उतार जवळपास ३२ मीटरचा! पाय अधांतरी लोंबकळत असतात आणि कातळ इतका जवळून जातो की आपसूक पाय आखडून घ्यावेसे वाटतात. ताशी ८० किलोमीटरचा वेग तिथे दुप्पट भासतो. मला तरी नुसत्या उंच कोस्टरपेक्षा हे कितीतरी सरस वाटतं.

दुसरा प्रश्न आवाजाचा. चाकांची घरघर आणि लोकांच्या किंकाळ्या गावात किती ऐकू येतील, हे परवानगीच्या वेळीच बघितलं जातं.

आणि घरच्यांसोबत जाणार असाल तर मुलांची उंची आधी मोजा. नेमेसिसला १.४ मीटर लागते, त्याच पार्कातल्या २०१८ च्या विकर मॅन या लाकडी कोस्टरला १.२ मीटर पुरते. आठ-नऊ वर्षांच्या पोराला रांगेतून परत पाठवलं की त्याचा चेहरा बघवत नाही हो.